बुधाजी मेस्त्रीचं दोन टप्प्यांचं कुलूप

बुधाजी मेस्त्री कुणाच्याही घरी गेला की माणसांच्या आधी दाराकडे बघायचा. कडी नीट बसते का, बिजागरी कुरकुरते का, एवढं पाहून झालं की मग "काय, बरा मा?" शेवंतीला बघायला तो मामाबरोबर करी रोडच्या एका चाळीत गेला होता, तेव्हाची गोष्ट तिच्या माहेरी बरीच वर्षं सांगत असत. मुलगी पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आली तर नवरा मुलगा जागेवर नाही. तो दाराशी उकिडवा बसून कडीचा स्क्रू पिळत होता. शेवंतीच्या आईला वाटलं, मुलगा पळून जायच्या बेतात आहे. वडील मात्र म्हणाले, "सहा महिने ती कडी लागत नव्हती. हाच जावई."

बुधाजी मूळचा कणकवलीकडचा. चौदाव्या वर्षी बोटीनं मुंबईला आला आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात लागला. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. अडलेले साचे चालू करून देणं हे त्याचं काम. वीस-बावीस वर्षं ते केलं. साचेखात्याच्या खडखडाटात कान अर्धे झाले, तेव्हा गिरणी सोडून त्यानं लालबागेत एका चाळीच्या तळमजल्यावर गाळा घेतला आणि मोटारींच्या दारांची कुलपं, कड्या, काचा दुरुस्त करायला लागला. गाळ्याच्या एका बाजूला मसाला कुटायचा डंख, दुसऱ्या बाजूला चिवड्याची भट्टी. गिऱ्हाईक शिंकत आत यायचं आणि भुकेलं होऊन बाहेर पडायचं.

त्याच्याच गावचा गंगाधर घाडी टॅक्सी चालवायचा. दोघं एकाच बोटीनं आलेले, गावच्या मंडळाच्या खोलीत शेजारी शेजारी वळकट्या टाकून वाढलेले. गंगाधरकडे एक जुनी हिलमन होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव. पन्नास सालच्या वैशाखात गावच्याच एका मुलाचं लग्न निघालं. नवरदेवाला दादरच्या कार्यालयात न्यायचं काम अर्थातच गंगाधरच्या हिलमनकडे आलं. गाडीत आठ माणसं कोंबली. नवरदेव मागे, डाव्या दाराला टेकून. भारतमाता टॉकीजच्या वळणावर गाडी कलली, दार उघडलं आणि मुंडावळ्यांसकट नवरदेव रस्त्यावर बसता झाला. लागलं काही नाही, धोतर तेवढं फाटलं. बाजूनं जाणाऱ्या ट्रामचा कंडक्टर खिडकीतून "शुभमंगल सावधान!" असं ओरडला आणि सगळी ट्राम हसली.

बाकीचे नवरदेवाला झटकत होते, तेव्हा बुधाजी एकटा दारापाशी उभा होता. तो दार हळू लावी, उघडी, पुन्हा लावी. नवरदेवाचा बाप संतापून म्हणाला, "अरे मेल्या, मुहूर्त टळता!" तर हा म्हणाला, "थांबा वायच. पोरगो कसो पडलो ता कळला माका."

त्या काळच्या पुष्कळ गाड्यांच्या दाराचं कुलूप घराच्या दारासारखंच असायचं. दारातून एक तिरकी जीभ बाहेर आलेली असते, ती खांबातल्या खाचेत जाऊन बसते. पण घर जागेवर असतं आणि गाडी पळते. वळणावर तिचा सांगाडा पिळवटतो, दार आणि खांब यांच्यातली फट दोन सुतांनी वाढते, जीभ खाचेतून निसटते आणि माणूस रस्त्यावर येतो.

ह्यावर काय करावं, ते बुधाजीला साच्यावरून सुचलं. विणलेलं कापड ज्या रुळावर गुंडाळलं जातं, त्याच्या टोकाला एक दातेरी चाक असतं आणि चाकाच्या दात्यांत एक खिट्टी पडत जाते. चाक पुढे फिरतं, मागे फिरत नाही; फिरलं तर कापड सैल पडेल. असल्या शेकडो खिट्ट्या त्यानं बदलल्या होत्या. त्यानं गाडीच्या खांबाला एक जाड खुंटी मारली आणि दारात खेकड्याच्या नांगीसारखं एक लहान चाक बसवलं. दार लावलं की खुंटी नांगीत शिरते, तिच्या धक्क्यानं नांगी फिरते आणि खुंटीला कवळते. नांगीच्या पाठीला दोन दाते. खिट्टी पहिल्या दात्यामागे पडली की दार अर्धं लागलं, दुसऱ्यामागे पडली की पुरतं लागलं. ती उचलायची तर दांडीच ओढावी लागते. गाडी पिळवटो नाहीतर आपटो, पकड सुटत नाही. पहिला दाता कशाला, असं कुणी विचारलं की बुधाजी म्हणायचा, "लोक दार अर्ध्यार सोडतत म्हणान. माणूस चुकतलोच. कुलपान चुकूक नये."

एक्कावन्न साली हे कुलूप त्यानं गंगाधरच्या हिलमनच्या त्याच डाव्या दाराला बसवलं. आणि तिथेच सगळं बिनसलं.

गाडी पासिंगला गेली तेव्हा तिथल्या इन्स्पेक्टरला हे कुलूप काही ओळखीचं वाटेना. त्यानं रीतसर कागदावर लिहून दिलं, की मागच्या डाव्या दाराला दोन टप्प्यांचं स्थानिक बनावटीचं कुलूप आढळलं, तरी मूळ कंपनीचं बसवून आणावं. आणि खाली सही, शिक्का, तारीख. दुसऱ्या दिवशी गंगाधर हुज्जत घालायला गेला, परत पाठवला गेला. तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर स्वतः आत बसला, दार अर्धवट लावून त्यानं आतून खांदा दिला आणि गाडीला आवारात तीन चकरा मारायला लावल्या. दार उघडलं नाही. गाडी पास झाली. पण गंगाधरचे तीन दिवस गेले ते गेलेच.

तो तडक गाळ्यावर आला. तिथे चार गिऱ्हाइकं बसली होती.

"तुझ्या कुलपान माझे तीन दिस खाल्ल्यान रे! आनी लावताना आवाज कसलो करता, गावभर आयकाक जाता!"

बुधाजीनं कानशीवरून मान वर केली नाही. "आवाज कुलूप करणा नाय, तू करतंस. तुका दार लावूकच येणा नाय."

चारही गिऱ्हाइकं हसली. गंगाधर बारा वर्षं गाडी चालवत होता. त्याला दार लावता येत नाही म्हणणं म्हणजे भटाला संध्या येत नाही म्हणण्यासारखं होतं. तो लाल झाला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आजपासून तुझ्या हाताचो खिळोसुद्धा माझ्या गाडीक लागाचो नाय!"

झालं. दोघांचं बोलणं तुटलं. मंडळाच्या सभेला दोघं दोन कोपऱ्यांत बसत. गंगाधरनं पासिंगचा तो कागद गाडीत जपून ठेवला, आणि स्टँडवर जो भेटेल त्याला दाखवायचा: "वाचा, सरकारान लिवन दिल्यान, मेस्त्रीचा कुलूप कसा ता."

छप्पनच्या जानेवारीत तर आणखी भर पडली. ते दिवस हसण्याचे नव्हते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं होतं, गोळीबारात ओळखीपाळखीची माणसं गेली होती. एका धरपकडीत बुधाजी आणि गंगाधर नेमके एकाच पोलिस गाडीत कोंबले गेले. तिथेही एकमेकांकडे पाठ. मागच्या दाराची कडी सैल होती आणि दोन तरणी पोरं, पुढच्या वळणावर ती निसटेल तेव्हा उड्या टाकू, असा बेत करत होती. बुधाजीच्या कानांपर्यंत तो बेत पोचला नाही. कडीचा खुळखुळाट मात्र पोचला. त्यानं खिशातून एक नाणं काढलं आणि चालत्या गाडीत कडीचे दोन्ही स्क्रू घट्ट आवळून टाकले. गाडी ठाण्यात पोचली तेव्हा दार बाहेरून हवालदारालाही उघडेना. तेही शेवटी बुधाजीनंच उघडून दिलं. पाच दिवसांनी सुटून आल्यावर गंगाधरला सांगायला नवीन विषय मिळाला. "ह्या मनशान पोलिसांचा कुलूप दुरुस्त केल्यान! माका आत ठेवन!"

इकडे दोन टप्प्यांच्या कुलपाचं नाव झालं होतं. दोनेकशे टॅक्स्यांना ते बसलं, दादरचा एक गाड्यांची बॉडी बांधणारा कारखानदार नेमानं माल नेऊ लागला. बुधाजीला मात्र केलेलं काम तसंच राहू द्यायची सवय नव्हती. त्रेपन्न साली त्याला स्प्रिंग जरा जाड हवी असं वाटलं, पंचावन्न साली खिट्टी सरळ असण्यापेक्षा बाकदार बरी असं वाटलं. मग रस्त्यानं जाणारी टॅक्सी हात दाखवून थांबवायची, आणि आतल्या उतारूला "दोन मिनिटां हां, शेट" म्हणत खिट्टी बदलायची. वर पैसेही नाहीत. जुनी खिट्टी भंगारात.

अठ्ठावनच्या जुलैत ऑपेरा हाऊसकडच्या एल्फिन मोटर फिटिंग्ज नावाच्या कंपनीची नोटीस आली. इंग्रजीत होती. बुधाजी ती घेऊन गिरगावात मृणालिनी कर्णिक यांच्याकडे गेला. ह्या बाई हायकोर्टात वकिली करत. त्यांच्या वडिलांच्या ऑस्टिनला बुधाजीचं कुलूप होतं, एवढीच ओळख.

बाईंनी नोटीस वाचली आणि चष्मा काढला. "बुधाजी, ह्या कंपनीनं चोपन्नच्या मार्चमध्ये दोन टप्प्यांच्या कुलपाचं पेटंट घेतलंय. म्हणजे ही युक्ती त्यांची, सोळा वर्षं दुसऱ्या कुणी ती वापरायची नाही. तुम्ही वापरता, म्हणून त्यांचं म्हणणं, कुलूप करणं बंद करा आणि कुलपं पाडायचे ठसे, तयार माल, सगळं आमच्या स्वाधीन करा."

"माझा कुलूप मी करूचा नाय?"

"हरलात तर नाही. सोळा वर्षं पुरी होतील तोवर तुम्ही साठीला टेकाल."

बुधाजी बराच वेळ ऑफिसच्या दाराकडे बघत राहिला. ते दार नीट लागत होतं, त्यामुळे त्याला काही आधारही मिळेना.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "चोपन्नच्या आधी तुम्ही हेच कुलूप उघडउघड लोकांच्या गाड्यांना बसवत होता, एवढं सिद्ध झालं तर त्यांचं पेटंटच उभं राहत नाही. जी गोष्ट रस्त्यावर चाललेली आहे, ती नवीन शोध म्हणून कुणाला घेता येत नाही. मला फक्त चोपन्नच्या आधीचं एक कुलूप हवं. जसंच्या तसं."

"एक कित्याक? दोनशे देतंय," बुधाजी म्हणाला आणि आनंदानं घरी आला.

आठवडाभर त्यानं टॅक्स्या तपासल्या. प्रत्येक कुलपात पंचावन्नची बाकदार खिट्टी. प्रत्येकात त्रेपन्नची किंवा त्याहून नवी स्प्रिंग. काहींत तर नांगीसुद्धा नवी. त्यानं खाली मान घालून बाईंना सांगितलं.

"म्हणजे तुम्हीच पुरावा नष्ट केलात," बाई म्हणाल्या. "आणि तोही फुकट!"

पण एक कुलूप उरलं होतं. बुधाजीनं सगळ्यात पहिल्यांदा केलेलं, नमुन्याचं. ते गाळ्यात गणपतीच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगलेलं असायचं. बाईंचा जीव भांड्यात पडला. तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची लागली होती. "तेवढं ते कुलूप सकाळी घेऊन या," त्यांनी बजावलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी गिरणीत असो की गाळ्यात, हत्यारं घासूनपुसून पुजायची, हा गिरणगावचा रिवाज. बुधाजीनं कानशी, पाने, हातोड्या रॉकेलात धुतल्या. आणि मग त्या पहिल्या कुलपावर त्याची नजर गेली. आठ वर्षांचा गंज, डंखाचं तिखट आणि भट्टीचं तेल त्यावर बसलेलं. परवा हे हायकोर्टात जायचं!

शेवंती नारळ घेऊन आली तेव्हा तो पॉलिश कागदानं कुलूप घासत होता.

"ओ, वकीलबाईनी जसाच्या तसा आणूक सांगल्यानी ना?"

"जसाच्या तसाच आसा. फक्त तोंड धुतलंय त्याचा. तू कोर्टात जाशीत तर नवा लुगडा नेसशीत ना?"

शेवंतीला हे पटलं. तिनं स्वतःच्या हातानं कुलपाला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं फूल वाहिलं.

कोर्टाच्या दिवशी सकाळी बाईंनी वर्तमानपत्राची पुडी सोडली. आत चांदीच्या अत्तरदाणीसारखं काहीतरी लखलखत होतं.

"हे पन्नास सालचं?"

"होय बाई."

"ही स्प्रिंग तर नवी दिसते."

"ती परवाची. जुनी मेली होती."

"आणि ही बाकदार खिट्टी?"

"ती पण परवाचीच. म्हटलं, कोर्टात आडाकली तर लाज जायत."

"मग ह्यात पन्नास सालचं काय उरलंय, बुधाजी?"

बुधाजीनं कुलूप उलटंसुलटं करून नीट पाहिलं. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "ही भोकां," तो म्हणाला. "ही दोन भोकां पन्नास सालची आसत."

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी कशीबशी चार दिवसांची मुदत मागून घेतली, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बुधाजीला समोर उभं करून विचारलं, "ज्यांच्याशी तुमचं बरं आहे त्या सगळ्यांची कुलपं तुम्ही सुधारून ठेवली आहेत. म्हणजे मित्र आपल्या कामाचे नाहीत. तुमचं कुणाशी वाकडं आहे का? एखादा शत्रू?"

बुधाजीचा चेहरा पडला. "आसा एक," तो पुटपुटला.

गंगाधर परळच्या स्टँडवर बॉनेटला टेकून विडी ओढत होता. गाडीवर समितीचा झेंडा लावलेला. सात वर्षांनी बुधाजी त्याच्या समोर जाऊन उभा राहिला, आणि बोलायच्या आधी त्याची नजर डाव्या दारावर गेली. तेच कुलूप! सरळ खिट्टीचं, बारीक स्प्रिंगचं, वर मळाचा थर. त्याच्या हातांना मुंग्या आल्या.

"काय रे, पोलिसांची गाडी चुकली?" गंगाधर म्हणाला. स्टँडवरचे सगळे जवळ सरकले.

बुधाजीनं काय झालं ते सांगितलं. आपलं कुलूप आपल्याला करता येणार नाही, हे त्यानं कुलपाकडेच बघत सांगितलं.

गंगाधरनं विडी टाकली. "येतंय कोर्टात. पन एक अट. हयसर चारचौघांत म्हण, तुझा कुलूप वायट."

"मी वायट आसंय," तो अखेर म्हणाला. "त्या दिवशी तुका बोललंय, ता पन वायट. लोकांसमोर कान धरतंय."

"तुका नको. कुलपाक म्हण."

"ता नाय जमाचा."

"मगे चालू पड."

बुधाजी परत फिरला. वाटेत एकदा थांबला, मागे वळला. स्टँडवर सगळ्यांना वाटलं, आता हा कबूल करणार. तो लांबून म्हणाला, "खुंटीक तेल तरी घाल रे!" आणि गेला.

बाईंनी हे ऐकलं आणि शांतपणे गंगाधरवर साक्षीचं समन्स काढलं, पासिंगच्या कागदासकट हजर राहावं म्हणून. समन्स बघून गंगाधर खवळण्याऐवजी खूश झाला. स्टँडवर सगळ्यांना म्हणाला, "इतके दिस तुमका सांगी होतंय. आता हायकोर्टाक सांगतलंय, ह्या मेस्त्रीचा कुलूप काय लायकीचा ता!" कोर्टात जायला त्यानं कोट उसना आणला.

बुधाजी त्या दिवशी ट्रामनं फोर्टात गेला तो जेवण न करताच. कोर्टाच्या खोलीत बसल्यावर त्याला दिसत होतं ते एवढंच, की कंपनीच्या बॅरिस्टरसमोरच्या टेबलावर कंपनीचं कुलूप ठेवलंय, निकेल केलेलं, आणि त्यात त्याचीच नांगी, त्याचेच दोन दाते, त्याचीच खिट्टी. आपलं पोर दुसऱ्याच्या कडेवर दिसावं तसं त्याला झालं.

गंगाधर पिंजऱ्यात चढला. बाईंनी त्याच्याकडून कागद घेतला, न्यायमूर्तींना दिला. तारीख वाचली गेली: एक्कावन्न सालचा ऑगस्ट. "दोन टप्प्यांचं स्थानिक बनावटीचं कुलूप" हे शब्द वाचले गेले. कुलूप तेव्हापासून तेच आहे का? तेच. कुणी हात लावला? "कोणाची हिंमत?" दुभाष्याला मालवणी येईना, तो प्रत्येक वाक्याला घुटमळायचा, न्यायमूर्ती रत्नागिरीकडचे असावेत, कारण ते दुभाष्याच्या आधीच मान डोलवायचे.

मग कंपनीचे बॅरिस्टर उठले. त्यांना एवढंच दाखवायचं होतं, की बुधाजीचं कुलूप म्हणजे एक फसलेली धडपड. जी गोष्ट चाललीच नाही, ती आधीपासून वापरात होती असं म्हणता येत नाही.

"तुमचं ह्या बुधाजीशी वैर आहे?"

"सात वर्षां."

"ह्या कुलपामुळेच?"

"कुलपामुळेच!"

"म्हणजे कुलूप वाईट आहे."

"लय वायट," गंगाधर जोरात म्हणाला आणि बुधाजीकडे बघून घेतलं. बुधाजीनं डोळे मिटले.

बॅरिस्टर खुलले. त्यांनी गाऊन सावरला. "छान. म्हणजे दार अर्धवट लागलेलं असताना, चालत्या गाडीत, ते उघडायचं. खरं ना?"

गंगाधरनं आवाराकडच्या खिडकीकडे पाहिलं; खाली त्याची गाडी उभी होती.

"होय म्हणा. संकोच करू नका."

गंगाधर उसन्या कोटाची गुंडी पिळत होता. कोट दुसऱ्याचा असला तरी गाडी त्याची होती. आठ-आठ माणसं भरून त्यानं ती खंडाळ्यापर्यंत नेली होती, सभेची माणसं दाराला लोंबकळलेली असताना शिवाजी पार्कला नेली होती.

"घाडी, उत्तर द्या," न्यायमूर्ती म्हणाले.

"नाय," गंगाधर म्हणाला.

"काय नाही?"

"उघडला नाय."

"एकदा तरी उघडलं असेल?"

"सात वर्षांत एकदाव नाय!" गंगाधर आता बॅरिस्टरवर चिडला. "अर्ध्यार लावा, पाऊणार लावा, उघडूचा नाय. माझ्या गाडीतसून माणूस पडलो तो ह्या कुलपाच्या आधी. पडलो तो नवरो होतो. मागसून कोण नाय."

"मग तुम्ही वाईट कशाला म्हणता?" बॅरिस्टरांना आता विचारल्यावाचून राहवेना.

"आवाज करता! आनी त्येनी माका चारचौघांत म्हटल्यान, तुका दार लावूक येणा नाय!"

दुभाष्या भाषांतराला उठला, पण तोवर न्यायमूर्तींनी रुमाल तोंडाला लावला होता.

ते स्वतः आवारात उतरले. हिलमन उभी होती. त्यांनी डावं दार अर्धवट लावलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. गाडी हलली, दार नाही. मग हुकूम झाला, की कुलूप काढून सीलबंद पुरावा म्हणून ठेवावं. शिपायाला ते काढता येईना, म्हणून बुधाजीलाच बोलावलं. मृणालिनीबाई त्याच्या खांद्यापाशी उभ्या राहिल्या. "काढा," त्या म्हणाल्या, "आणि खिशातला तो पॉलिश कागद आधी माझ्याकडे द्या."

निकाल महिन्याभरानं लागला. पासिंगच्या कागदातलं आणि हिलमनच्या दारातलं कुलूप कंपनीच्या पेटंटच्या कितीतरी आधीचं, तेव्हा त्या दोन टप्प्यांवर कंपनीचा हक्क चालत नाही आणि बुधाजी मेस्त्रीला ते कुलूप करायला कुणाची आडकाठी नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. बाईंनी गिरगावच्या ऑफिसात त्याला ते मराठीत दोनदा समजावून सांगितलं. तो दोन्ही वेळा ऐकत राहिला. डोळे पुसायला त्यानं धोतराचा सोगा घेतला, त्याचे ग्रीसचे डाग गालाला लागले.

"आता करा कुलपं, हवी तितकी," बाई म्हणाल्या.

"ता आता करूचा नाय, बाई."

"काय?"

बुधाजी ओशाळला. "कोर्टात दोन दिवस कंपनीचा कुलूप समोर होता. बघता बघता लक्षात इला, दोन दात्यांची गरजच नाय. एकच दातो, पन लांब, उतरतो. दार अर्ध्यार रवला तर आपसूकच आत ओढतला. आवाज पन कमी."

ज्या कुलपासाठी बाईंनी चार महिने जिवाचं रान केलं, ते करायची परवानगी मिळून पुरती पाच मिनिटं झाली नव्हती.

"मग निदान ह्याचं तरी पेटंट घ्या," त्या म्हणाल्या. "आत्ताच. मी अर्ज लिहिते. नकाशा काढून द्या, प्रत्येक भाग कसा ते लिहून घेते."

"कागदार लिवला काय मगे ता तसाच रवाक व्हया ना?"

"अर्थात. जे लिहिलं तेच तुमचं."

"मगे नको." बुधाजी उठला. "आयतवारपर्यंत काय आणखी सुचला तर?"

खाली रस्त्यावरून हॉर्न वाजला. गंगाधर हिलमन घेऊन उभा होता. मागचं डावं दार सुंभानं बांधलेलं, आणि तो खिडकीतून मान काढून सगळ्या गिरगावाला ऐकू जाईल असं ओरडत होता, की कोर्टानं कुलूप ठेवून घेतलं, महिनाभर सुंभावर धंदा करतोय, आणि मेस्त्री वर चाय पित बसलाय.

"जातंय बाई," बुधाजी जिन्याकडे वळत म्हणाला. "गिऱ्हाईक खोळंबलाहा."